गरम पाण्याचा नळ

४ मार्च

चि. छोटूस अ. उ. आ.

इकडे सगळे मजेत. तुझ्या भाऊजींचा गुडघा बरा आहे, कुरकुर मात्र जशीच्या तशी आहे.

काल आमच्या नळ-पाईपच्या दुकानात एक प्लंबर तणतणत आला. गळका नळ माझ्या काउंटरवर आपटून म्हणाला, त्या देशाचा माल असाच, पहिला महिना गोड, मग टपटप. त्या देशाचा म्हणजे आपल्या देशाचा! माझं डोकंच फिरलं. मी ठणकावून सांगितलं की मी तिथलीच आहे, हे नळ माझा सख्खा भाऊ तपासतो, आणि त्याच्या हातून गळका नळ सुटत नाही. मालक मागेच उभे होते. म्हणाले, असे सात परत आलेत, आपल्या देशाचा माल मागवणं ते बंदच करणार होते. माझ्या शब्दाखातर जूनपर्यंत थांबतील.

तेव्हा बाबा रे, माझा शब्द तुझ्या हातात आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं मी एकेक नळ पूर्ण दाबाच्या पाण्यावर दहा मिनिटं धरतोय. तुमच्या प्लंबरांना पाना नीट धरता येत नसेल, तर त्याला आपला देश काय करणार? बायको म्हणते, रागाच्या भरात पत्र टाकू नका. टाकतोच.

लोभ आहे तसा राहू दे.
छोटू

२ एप्रिल

चि. छोटूस अ. उ. आ.

पाना धरता येतो हो त्यांना! मी सातही नळ मालकांसमोर उघडले. प्लंबरांना विचारलं, तर सातही गरम पाण्याच्या बाजूला बसवलेले. आतला रबरी वायसर कडक होऊन चिरलाय. नाकाचा शेंडा खाली आण आणि एवढंच सांग: तुम्ही गरम पाण्यावर तपासता का?

रागाव, पण उत्तर पाठव.
तुझी ताई

२५ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

नाही.

एवढं लिहायला मला आठवडा लागला. कारखान्यातल्या आमच्या तपासणी खात्यात गरम पाण्याची सोयच नाही, आणि ती हवी हे इतक्या वर्षांत माझ्याही टाळक्यात आलं नाही. दहा नळ घरी आणून तीन दिवस पातेल्यात उकळले. बायकोने दुसरी शेगडी मुकाट्याने सोडून दिली, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते ओळख. वायसर बोटांत मोडले.

ते तुकडे साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी विचारलं, आजवर या मालावर सही कोणाची? म्हटलं, माझी. तासभर बाहेर बसवलं. नोकरी गेली असं धरून मी डबाही खाऊन घेतला. मग आत बोलावून त्यांनी बॉयलर मागवला आणि वायसर बदलायला सांगितलं. नव्या नळांची पेटी निघाली आहे. बिनधास्त उकळून बघा.

चुकलो, तरी भाऊ तुझाच. जीव लावतेस तसा लाव.
छोटू

१४ जून

चि. छोटूस अ. उ. आ.

मालकांनी नव्या पेटीतले दोन नळ स्वतःच्या न्हाणीघरात गरम पाण्याला लावले होते. पाच आठवडे झाले, थेंब नाही! ऑर्डर पूर्वीच्या दुप्पट आहे; कागद सोबत जोडलाय, साहेबांना दाखव आणि जरा ताठ मानेने जा.

एक गोष्ट तुला कधी कळवली नव्हती, मलाच लाज वाटायची. खोक्यावर आपल्या देशाचं नाव असतं ना, बरोबर त्याच्यावर मालक किमतीची चिठ्ठी चिकटवायचे. काल ते सकाळपासून शेल्फासमोर स्टुलावर बसून त्या चिठ्ठ्या नखाने खरवडत होते. मी मदतीला गेले, तर म्हणाले, राहू द्या बाई, लावल्या मी होत्या.

पोरांना पापे. तुझ्यावर आहे त्याहून जास्त माया आता मला जमायची नाही, आहे तीच गोड मानून घे.
तुझी ताई