वार्गलाकडे वळलेली वाट

७ एप्रिल, सोमवार

मेन्नाला विमानतळावर नोकरीला लागून आज महिना झाला. माझी नात! विमानं चालवत नाही, त्यांच्या वाटा काढून देते. मी म्हटलं, आभाळात कसली आलीय वाट, नाकासमोर गेलं की झालं. हसली. "आजी, नाकासमोर गेलं तर उशीर होतो. वारा तोंडावर असला की वळून जायचं, तो पाठीवर मिळेल तिकडून. वाट लांब, वेळ कमी."

ऐकत बसले, खजूर निवडायचे राहिले. यंदा खजुरात किडेच फार.

८ एप्रिल

दुपारी जिन्यात पाय वाजले. हेच ते, मेन्नाचे आजोबा. एक्कावन्न वर्षं झाली, टपालाचं विमान घेऊन तामनरासेतहून घरी घरदायाला निघाले आणि वाळूच्या वादळात कोसळून गेले. अजून येतात. दारापाशी थांबतात. मी कधी 'या' म्हटलं नाही.

का म्हणावं? विमान सापडलं ते घरच्या वाटेवर नाही, पार उजवीकडे, वार्गला शहराच्या अंगाला. शोधायला यांचे वडीलच गेले होते. तांड्यांचे वाटाडे, उंटाच्या मागावरून त्याला तहान लागलीय का तेही सांगायचे. परत येऊन एवढंच बोलले — "ज्याची वाट वळली, त्याचं मन वळलं." झालं. वार्गलात बाई आहे, हे सगळ्या गल्लीनं ठरवलं. मीही.

११ एप्रिल, शुक्रवार

मेन्नाला सगळं सांगितलं. कचेरीतून त्या दिवसाच्या वाऱ्याची जुनी नोंद घेऊन आली, आणि कुसकुसच्या कण्या वळायला मी परातीत घेतलेल्या रव्यातच तिनं बोटानं रेघा ओढल्या. (रवा वाया गेला. जाऊ दे.)

"हे तामनरासेत, हे आपलं घर. इथे वाटेच्या जरा उजवीकडे वादळाचा भोवरा. सरळ वाटेवर वारा तोंडावर — सात तास. भोवऱ्याच्याही पलीकडून, वार्गलावरून, वारा पाठीवर — पाच."

"मग ती बाई?"

"कुठली बाई, आजी? ही घरचीच वाट आहे. सगळ्यांत लवकर घरी पोचायची."

मी परातीकडे बघतच राहिले. नव्या नवरीसारखं हसू येत होतं, दाबलं तरी दबेना. या वयात!

१२ एप्रिल

नणंदेला, झुलीखाला, फोन केला. "तुझा भाऊ घरीच येत होता." मेन्नाचं गणित सांगितलं.

"म्हणजे आमचा बाप चुकला, आणि तुझी कालची पोर शहाणी?"

"तुमच्या बापानं उंटांचे माग काढले, बाई. वाऱ्याचा माग वाळूत उमटत नाही."

"मग एक्कावन्न वर्षं माझ्या भावाला शिव्या कोणी दिल्या? मी?"

फोन तिनंच ठेवला. खरं बोलली, म्हणून राग आला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

दुपारी पाय वाजले. मी म्हटलं, "या." पुदिन्याचा चहा केला, दोन पेले.

संध्याकाळी मेन्ना आली. परत तो कागद घेऊन बसली. "आजी, एक कळत नाही. त्या दिवशी बाकीचे सगळे वैमानिक वादळ जाईपर्यंत खालीच थांबले होते. नोंद आहे तशी. मग आजोबांनाच घाई कसली होती?"

मी म्हटलं, चहा निवतोय, पी.

१५ एप्रिल

त्या दिवशी तामनरासेतला तारेनं निरोप मी धाडला होता — बाळ तापानं फणफणलंय, असाल तसे या. बाळाला ताप नव्हता. मला करमत नव्हतं.