देवाला विचारलं, काय म्हणता?

शुक्रवार, संध्याकाळ. प्रार्थनाघर, मुरबाड.

आजपासून रविवारपर्यंत मौन. सोडायला आलेली बायको फाटकातच म्हणाली, "तुमी आनि गप? देवच घाबरंल हो!" हसलो. पण फादरांनी आल्याआल्या सांगितलं, "या दिवसांत देवाजवळ काही मागू नका. नुसतं ऐका." मागितल्याशिवाय मी देवाशी कधी बोललोय? गिरणी चालू दे, पोरीला नोकरी लागू दे, एवढंच आमचं बोलणं.

चॅपलमध्ये दाराजवळच सतरंजीवर बसलो. कान माझे तिखट. भातगिरणीचा पट्टा सैल झाला तर मला नुसत्या आवाजावरून कळतं. इथे कुकरची शिट्टी ऐकली, शेजाऱ्याचा श्वास ऐकला. मग सगळं शांत झालं आणि सवयीने तोंडातून निघालं, "काय म्हणता?" गिरणीवर येईल त्याला हेच विचारतो, आणि उत्तराला न थांबता त्याचं पोतं काट्यावर घेतो.

देवाला विचारलं आणि अंगावर काटा आला. खरंच बोलला तर? गिरणी सोड म्हणाला तर? पत्र्याच्या शेडपासून उभी केलीय मी ती... चपला न घालताच अंगणात पळालो. काय म्हणता म्हणे! थांबलो का ऐकायला?

तो बोलणारच नाही, ही भीती घरून आणली होती. निघाली दुसरीच.

उद्या दाराजवळ बसायचं नाही. मधल्या रांगेत, भिंतीला लागून बसेन. उठून पळायचं तर चौघांचे गुडघे तुडवावे लागतील.