मास्कमागचं मराठी

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट,
१९ ऑक्टोबर २०२०

चि. सौ. सुमेधास मालूमावशीचे अ. उ. आ.

वि. वि. काल व्हिडिओवर विशाखाबद्दल बोलताना तू सारखी भिंतीकडे तोंड करत होतीस. तिला ऐकू येत नाही, पण ती ओठ वाचते म्हणून. त्यापायी मलाही निम्मंच कळलं, भिंतीला मात्र सगळं कळलं. म्हणून पत्र लिहितेय. शाळा सातवीपर्यंतची असली तरी माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे.

कळलं ते एवढं. विशाखाला बाप आधीच नव्हता. आपली साधना गेली तेव्हा बहिणीची लेक म्हणून तू तिला इकडे हॉलंडात आणलंस, सरकारी कागदावर तिची पालक झालीस. दिवाळीत तिला अठरा पुरी होतील. कॉलेजातली मदतनीस बाई विचारतेय की पोर एकवीसपर्यंत तुमच्याकडेच राहणार, की कॉलेज देतंय त्या खोलीवर जाणार. तू काय उत्तर दिलंस ते भिंतीला ठाऊक. तुझे डोळे भरलेले तेवढे दिसले. नाटकात जायला हवं होतंस बाई तू.

जावईबापू शिरीषरावांना आशीर्वाद. माझी आठवण येत नसेल तर तसंही कळव.

मालूमावशी

फेल्डहोवन,
२७ ऑक्टोबर २०२०

ती. मालूमावशीस सा. न.

थट्टा पुरे. मी त्या बाईला सांगितलं की हे घर विशाखाचंच आहे, तिला हवं तितकं राहू दे. शिरीषच्या ऑफिसातले निम्मे लोक आमच्याच गल्लीत राहतात, दुसरं काय बोलणार? पण शिरीषचं वर्क फ्रॉम होम, आमच्या आशुतोषची लेक्चर्स ऑनलाइन. तो हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो. मला तिची खोली हवी आहे.

ती आपणहून गेली तर आमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. कॉलेज तिला सगळं देतंय. शेजारी बसून नोट्स काढायला मुलगी, परीक्षेला जादा वेळ. शिक्षक मास्क लावतात, म्हणून बोललेलं लिहून दाखवणारं अ‍ॅपही फोनवर टाकून दिलंय. एकटीनं राहून तिचं काही अडणार नाही. ती तुला मानते. दिवाळीला ये आणि तिच्या गळी उतरव. तुझं वय बघता घरात सगळेच मास्क लावू. मास्क असला की मान फिरवावी लागत नाही, तेवढीच सोय.

तुझी माया अशीच राहू दे.

सुमेधा

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट,
१९ नोव्हेंबर २०२०

चि. सौ. सुमेधास अ. उ. आ.

वि. वि. सुखरूप पोचले. चकली मऊ पडली होती, पण ती बातमी नव्हे.

मास्क लावून तू अगदी निर्धास्त बोललीस. साधना मरून सुटली आणि हे बहिरं लोढणं आमच्या गळ्यात बांधून गेली, म्हणालीस. जावईबापू म्हणाले की कुत्रं पाळलं असतं तर बेल वाजल्यावर भुंकलं तरी असतं. मी हसले, अगदी खरं म्हणाले.

तिचा फोन, ते अ‍ॅप लावलेला, फराळाच्या ताटाशेजारी उघडा होता. कॉलेजनं दिलंय म्हणजे डचच असणार, असं तुम्ही धरून चाललात. त्यात मराठीही असतं गं. तुझं लोढणं उमटलं, त्याखाली कुत्रं, त्याखाली माझं अगदी खरं. बारा वर्षांची होईतो पुण्यात शिकलेली पोर, वाचणारच. तिनं एकदा वाचलं, बोटानं सरकवून पुन्हा वाचलं आणि दुसरा लाडू घेतला.

तरी सकाळी मी तुझं काम केलं. कागदावर लिहून खोलीचं कौतुक केलं. काल तिचा मेसेज आला. मदतनीस बाईला तिनं कळवून टाकलंय, की घर माझंच आहे असं सुमेधामावशीनंच सांगितलंय, तर मी एकवीसपर्यंत राहते. आता बाईचा तुला फोन येईल. डोळे भरून ठेव.

राग आला तर येऊ दे, लोभासोबत तोही चालतो.

मालूमावशी

फेल्डहोवन,
२ डिसेंबर २०२०

ती. मालूमावशीस सा. न.

बाईचा फोन आला. अशी घरं फार कमी मिळतात म्हणाली. मी हो हो म्हटलं.

आता विशाखाचा फोन जेवणाच्या टेबलावर मधोमध, मिठाच्या बरणीला टेकवलेला असतो. आम्ही कुणी तोंड उघडत नाही. आशुतोष खाणाखुणांनी पोळी मागतो. मी आणि शिरीष बोलायला सायकलच्या शेडमध्ये जातो. काल तिथे कुडकुडत उभे होतो तर शेजारणीनं विचारलं, काही चोरीला गेलंय का. मावशी, तिला एकदा विचार, अशा घरात तिला राहायचं तरी का आहे? पाया पडते.

सुमेधा

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट,
११ डिसेंबर २०२०

चि. सौ. सुमेधास अ. उ. आ.

वि. वि. विचारलं. तिनं लिहिलं ते सांगते, पदरची वेलांटीही घालत नाही.

खोली ती बघून आली. छान आहे म्हणते. पण या दिवसांत तिथं कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही, मग तिच्याशी कोण बोलणार? तुमच्याकडेही तिच्याशी कुणी बोलत नाही, पण तिच्याबद्दल तरी बोलतात. आई गेल्यापासून घरात काय बोलणं चालतं ते तिला दिवाळीतच पहिल्यांदा कळलं. आता तेही बंद पडलं. सुमेधामावशीला सांग बोलायला, म्हणते.

तेव्हा शेडमध्ये कुडकुडू नका. टेबलाशी बसा. चांगलं काही सुचलं नाही तर लोढणंच म्हणा, त्याचा अर्थ तिला पुन्हा विचारावा लागणार नाही.

लोभ आहे की नाही ते मला कळवू नकोस. असलाच तर मिठाच्या बरणीसमोर बसून मोठ्यानं सांग.

मालूमावशी