झऱ्याकाठची जागा

न्याकिनोनी,
रविवार, चर्चमधून आल्यावर

प्रिय अराली,

मावशीचा अकीकी गुरुवारी निघतोय. तुमच्याच कंपनीत पहारेकरी म्हणून लागलाय, त्यामुळे हे पत्र तो थेट तुझ्या हातात देईल. फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. तू दोन शब्द बोलतोस, मी आवाज चढवते, आणि मग कुणीतरी फोन ठेवून देतं. कागदावर मला मध्येच तोडणारं कुणी नाही. दमला असशील तर आत्ता वाचू नकोस, सुट्टीच्या दिवशी पोटभर जेवून वाच. अकीकीबरोबर नाचणीचं पीठ आणि भाजलेले शेंगदाणे दिलेत. विमानतळावर कुणी काढून घेतले नाहीत म्हणजे मिळवली.

इकडे घेवडा फुलावर आलाय. तुझी तांबडी गाय व्याली, कालवड झाली. ती फार उंडगी आहे, दोनदा चर्चमध्ये शिरली. पाद्रीबुवा म्हणाले, 'अरालीपेक्षा ही बरी, निदान येते तरी.' मी हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असेन, म्हणून लक्षात राहिलं.

दलदलीची हकीकत तुला तुकड्यातुकड्यानं कळली असेल, म्हणून पहिल्यापासून लिहिते. तू गेलास तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या येत होत्या. तू त्यांना माकडं दाखवायचास, निळा तुराको पक्षी दिसला की त्यांच्याआधी तूच ओरडायचास. पाहुण्यांच्या पैशांवर बालवाडीच्या बाईंचा पगार निघायचा, दलदलीवरची फळ्यांची वाट दुरुस्त व्हायची. मग साथ आली, विमानं बंद झाली. साथ गेली तरी पाहुणे पूर्वीसारखे आले नाहीत. माकडं तेवढी राहिली. फळ्या कुजल्या. चटयांसाठी पपायरसच्या लव्हाळ्याचा भारा डोक्यावर घेऊन येताना मावशीच्या पायाखालची फळी मोडली आणि ती कमरेपर्यंत चिखलात रुतली. दोर टाकून ओढून काढली तिला. त्या दिवशी दलदल राखणाऱ्या आपल्या समितीनं ठरवलं, आता कौन्सिलकडे जायचं. आजवर आपण हात पसरले नव्हते. दलदल गावाची, राखण गावाची, असा आपला तोरा. पण तोऱ्यानं फळ्या बसत नाहीत.

अंदाजपत्रकाच्या बैठकीला मी समितीची अध्यक्ष म्हणून उभी राहिले. आई मागच्या बाकावर होती. नको म्हटलं तरी आली, पोटातल्या दुखण्यानं तेव्हाच अर्धी झाली होती. मी मागणी वाचली आणि पलीकडच्या वस्तीतून निवडून आलेला तो कटुरामू उठला. म्हणाला, 'आमच्याकडे दवाखान्यावर पत्रे नाहीत आणि ही बाई माकडांसाठी फळ्या मागतेय. माकडं मत देतात का हो?' सगळे खदखदून हसले. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, 'मत देत नाहीत रे बाबा, पण थापाही मारत नाहीत. मागच्या निवडणुकीत त्याच फळीवर उभा राहून फोटो काढलास की तू. तेव्हाच मोडली असती तर बरं झालं असतं.' मग तर छप्पर उडायचं बाकी राहिलं. कटुरामू स्वतःही हसला. मला वाटलं, जिंकलो.

पण चेअरमन रुबोंगोया हसला नाही. तो वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे. त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला, 'अब्वोली, पैसे ठेवायची माझी तयारी आहे. पण दलदलीला पाणी देणारा झरा तुमच्या हद्दीत नाही. तो रुसोकेच्या जमिनीत आहे. आणि रुसोके ती जमीन विकतोय.' त्यानं तुला घरच्यासारखं अराली न म्हणता कागदावरच्या नावानं रुसोके म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं, हे साधं नाही. तो पुढे बोलत होता. तिबेंडा निलगिरीवाला टेप घेऊन येऊन गेला, खुंट्यांना तांबड्या चिंध्या बांधून गेला, सौदा ठरल्यात जमा आहे. 'तिथं निलगिरी लागली की चार-पाच वर्षांत झरा आटेल. कोरड्या चिखलावर फळ्या टाकायला मी लोकांचा पैसा कसा देऊ? पुढच्या बैठकीपर्यंत काय ते मिटवा.'

मला हे तिथे, सगळ्या गावादेखत कळलं. चिंध्या मी पाहिल्या होत्या. मला वाटलं, पोरांचा खेळ असेल.

परत येताना आई काठी टेकत माझ्यापुढे चालत होती. मी मात्र तोंडाला येईल ते बोलत होते तुझ्याबद्दल, ते इथे लिहीत नाही. चढावर ती थांबली आणि म्हणाली, 'झालं? आता ऐक. बापानं जमीन त्याला दिली, तुला नाही. ते चूक की बरोबर हे तुझ्या बापाला वर जाऊन विचार. पण त्याची आहे ना? मग विकेल तो. परक्याच्या दारात उभं राहून म्हातारं व्हायचं नाही त्याला. फोर्ट पोर्टलला दुकान टाकायचंय. त्यात पाप काय?' म्हणजे तिला ठाऊक होतं, अराली. तू तिला सांगितलं होतंस, मला नाही. याचा राग मला जमिनीपेक्षा जास्त आला होता.

दोन दिवसांनी चेअरमन घरी आला. उकडलेल्या केळ्यांचं मातोके आणि शेंगदाण्याचं कालवण जेवला, आणि जाताना म्हणाला, 'कुळाच्या संमतीशिवाय वडिलोपार्जित जमीन विकता येत नाही. तू तक्रार दे, मी सौदा थांबवतो, पैसे मंजूर करतो.' सोपं होतं. समितीतले सगळे म्हणाले, दे तक्रार. मावशी म्हणाली, 'भावाची भीड धरशील तर आम्ही आणखी किती वेळा चिखलात पडायचं?' मी देणारच होते. खरं सांगते, मी चप्पल घालून दारात उभी होते. आईनं आतून हाक मारली. 'मी जिवंत असेपर्यंत माझी दोन पोरं कौन्सिलच्या बाकावर समोरासमोर बसणार नाहीत. तो तिकडे एकटा आहे. त्याच्यावर कागद आला की तो इथलं दार स्वतःच लावून घेईल, आणि मग तुम्ही दोघंही एकेकटी व्हाल. बस खाली.' मी बसले. समितीतल्या काही जणांनी मग माझ्याशी बोलणं टाकलं. बालवाडीच्या बाई तर अजूनही समोरून आल्या की पलीकडच्या कडेनं जातात.

त्यानंतर ती अंथरुणाला खिळली. फोर्ट पोर्टलच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, घरी न्या, तिला आवडतं ते खाऊ घाला. एका सकाळी मी तिचे पाय चोळत होते, तर म्हणाली, 'मला वर केळीत पुरू नका. झऱ्याकाठी पुरा.' मी हातच काढून घेतला. वर केळीच्या बागेत बाबांशेजारची जागा इतकी वर्षं तिच्यासाठी राखून ठेवलेली. मी म्हणाले, आई, हे काय भलतंच? बाबा एकटे राहतील. म्हणाली, 'तुझा बाप पन्नास वर्षं माझ्याशेजारी घोरला. आता जरा मोकळा श्वास घेऊ दे मला.' मी म्हणाले, थट्टा नको, तू काय करतेयस ते मला कळतंय. कबर असलेली जमीन इथे कुणी घेत नाही. अरालीला काय वाटेल? तो म्हणेल, बहिणीनं डाव साधला. तर हसली. त्या हसण्यानंही तिला कळ आली. 'म्हणू दे. दोन शिव्या खाल्ल्यास म्हणून तुझे केस गळणार नाहीत. तू अडवलंस तर तो जन्मभर तुझ्याशी भांडेल. मी अडवलं तर कुणाशी भांडेल? मेलेल्या बाईशी? त्याची जमीन मी घेत नाहीये. तिथे फक्त झोपतेय. विकायचीच असेल तर मला उठवून विकू दे.'

मी पुष्कळ वाद घातला. रडले, जेवले नाही, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. शेवटच्या दिवसांत आईशी अबोला धरणारी लेक मी. तिनं काय केलं? अपूली काकांना बोलावून घेतलं, कुळातली दोन म्हातारी माणसं बोलावली, आणि त्यांच्यासमोर उशीला टेकून बसून सगळं पुन्हा सांगितलं. काकांनी विचारलं, 'हे अब्वोलीनं शिकवलं का तुला?' आई म्हणाली, 'तिला शिकवता येत असतं तर तिनं मला आधी गप्प बसायला शिकवलं असतं.'

ती गेली त्या दिवशी आम्ही तुला किती फोन केले ते अकीकी सांगेल. कंपनीनं सुट्टी दिली नाही हे नंतर कळलं. तू तिथे गणवेशात उभा असशील आणि खिशात फोन थरथरत असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

झऱ्याकाठची माती ओली. खड्ड्यात पाणी भरायला लागलं, तेव्हा मी काकांना म्हणाले, बघा, देवालाही नकोय, वर नेऊ या. काका म्हणाले, 'शब्द दिलाय.' मग उंबराखाली थोडं वर, खडकाळ जागेत पुन्हा खणलं. पोरं दमली तेव्हा चेअरमननं कोट काढून कुदळ घेतली. त्याच्या मागोमाग कटुरामूनंही घेतली. दलदलीतल्या बायकांनी खाली अंथरायला पपायरसच्या चटया आणल्या, त्यातल्या अर्ध्या आईनंच त्यांना विणायला शिकवलेल्या. तिबेंडाही आला होता. मागे टोपी हातात धरून उभा. सगळं आटोपल्यावर तो खुंट्यांपाशी गेला, एकेक चिंधी सोडून खिशात घातली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, 'बाई, आईच्या अंगावरून टेप ओढणं मला जमायचं नाही. रुसोकेला माझा राग नाही म्हणून सांगा.' तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

पुढच्या बैठकीत पैसे मंजूर झाले. कटुरामू म्हणाला, 'माकडं मत देत नाहीत, पण म्हातारीनं देऊन ठेवलंय.' कुणी हसलं नाही. झऱ्यापासून खालच्या वळणापर्यंत नव्या फळ्या बसल्यात. बालवाडीचाही हिस्सा आलाय. एवढं होऊनही मला गावात आनंदानं फिरता येत नाही. लोक माझं अभिनंदन करतात, आणि मला वाटतं, आईला पुरून मी हे मिळवलं असंच सगळे मनात म्हणत असतील.

आणि तू तर ते म्हणालासच. अकीकीच्या फोनवर तुझा निरोप आला तेव्हा आम्ही ओसरीवर शेंगा फोडत होतो. त्यानं सगळ्यांसमोर लावला. 'तिला विचार, आईला चिखलात का पुरलं? माझी जमीन अडवायलाच ना?' अकीकी बिचारा फोन बंद करायला धडपडत होता. मी उठून आत गेले. इथे काय घडलं ते तुला सांगायचं, हे एक कारण या पत्राचं. पण त्याच्यासाठी एवढा कागद खराब केला नसता, अपूली काकांनी फोनवर सांगितलं असतं. खरं कारण वेगळं आहे. झरा कायमचा राखीव हद्दीत ठेवायला चेअरमनला तुझी संमती हवी आहे. तो कागद मी अकीकीबरोबर पाठवावा असं समितीचं म्हणणं होतं. मी पाठवलेला नाही. तू आलास तरी तुझ्यापुढे तो कुणी धरणार नाही, हे मी काकांकडून कबूल करून घेतलंय. पण सुतक अजून मिटलेलं नाही. मुलाला वारस म्हणून बसवल्याशिवाय ते मिटत नाही, आणि कुळातले म्हणतात, काकांच्या थोरल्याला तुझ्या जागी बसवू आणि मोकळे होऊ. मी नाही म्हटलंय. तू येईपर्यंत नाही. म्हणून सुट्टी मिळेल तेव्हा ये. झऱ्याकाठी उभा राहा, आणि मग जमिनीचं तुला हवं ते ठरव. विकायची म्हणालास तर आईला वर बाबांशेजारी न्यायला पहिली कुदळ मी मारीन, आणि कुणाला एक शब्द बोलू देणार नाही. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही इथे येऊन, तोंडावर दे. आई गेल्यावर भांडायला तरी मला तुझ्याशिवाय कोण उरलंय?

तुझीच,
अब्वोली