चाळीस पानांतलं पहिलं पान

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बावीस वर्षं संशोधन अनुदान समितीवर बसूनही ते ठिकाणावर राहिलं, याचं त्यांनाही नवल वाटलं.

कलम १. माझे सहकारी, ज्यांना सगळा विभाग पाठीमागे 'तळटीपसर' म्हणतो, त्यांना माझं वाचायचं भिंग द्यावं. एकाच प्रकल्पाचं नाव तीनदा बदलून त्यांनी तीन अभ्यासवृत्त्या लाटल्या. तिन्ही अहवालांत काय फरक आहे ते शोधायला मी हेच भिंग वापरलं होतं. काही सापडलं नाही. आता त्यांनी प्रयत्न करावा.

कलम २. धाकट्या बहिणीच्या मुलाचं गेली चार वर्षं एकच पालुपद आहे: "मावशी, तुझ्या नावाने फेलोशिप काढू या गं. मी सचिव होतो." अरे बाबा, नाव माझं, पैसा माझा, मग तू कशाला? तर म्हणे, "कुणीतरी अर्जांची छाननी करायला नको का?" आयत्या बिळावर नागोबा! माझ्या नावाने फेलोशिप, पुरस्कार, व्याख्यानमाला यांतलं काहीही काढू नये. भाचा या मृत्युपत्राचा पहिला साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकिलांनी मला सांगितलं. मी त्याला सांगितलं नाही.

कलम ३. राहतं घर, सगळी पुस्तकं आणि बँकेतली शिल्लक माझ्या विद्यार्थिनीला द्यावी. कारण लिहिणं भाग आहे.

तिची आई छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. तशा बायकांचा इतिहास तिला लिहायचा होता. अर्ज भरताना मीच शहाणपण शिकवलं. "अगं, साधं नाव दिलंस तर समिती ढुंकून बघणार नाही. जड नाव दे. पहिल्या पानावर तळटिपा पेर." पोरीने ऐकलं. अर्जाचं नाव झालं 'श्रमसंरचनेची अक्षरनिष्ठ पुनर्मांडणी'. ते तिने मलाही दाखवलं नव्हतं. अर्जदाराचं नाव झाकून तो अर्ज तपासायला माझ्याच टेबलावर आला. पहिल्या पानावर नऊ तळटिपा! मला वाटलं, हा तळटीपसरांचा कुणीतरी चेला. उरलेली एकोणचाळीस पानं मी उलटलीसुद्धा नाहीत. 'पोकळ. शिफारस नाही.' असा निनावी अभिप्राय ठोकून दिला.

निकालाच्या दिवशी तो कागद हातात घेऊन ती रडायला आली माझ्याकडेच. "कोण हा मेला परीक्षक असेल, बाई?"

मी म्हटलं, "असतात असे." आणि तिला चहा करून दिला. लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. त्याला अकरा वर्षं झाली. ती विमा कचेरीत दावे तपासते, आणि दर रविवारी माझी औषधं आणून देते.

कलम ४. वरचं कलम मी मेल्यावर तिने वाचावं, असा माझा बेत होता. पण असला भित्रेपणा किती दिवस करायचा? मागच्या महिन्यात तिला समोर बसवून वाचून दाखवलं. औषधांची पिशवी टेबलावर ठेवून ती निघून गेली. पुढचे दोन रविवार आली नाही. त्या दोन रविवारी मी माझ्या कपाटात राहिलेला तिचा अर्ज वाचला, अथपासून इतिपर्यंत. सातव्या पानावर तिची आई आहे, शाईने काळ्या झालेल्या बोटांसकट. पोकळ होते ती मी.

तिसऱ्या रविवारी ती आली, पण बसली नाही.

"घर देऊन सुटायचं होय, बाई?"

"मग काय देऊ?"

तिने पर्समधून तो अभिप्राय काढला. घड्यांवर फाटत आला होता. "यावर नाव नाही. नाव घाला, सही करा. घराचं मी नंतर बघेन."

सबब आज दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी आधी त्या कागदावर पूर्ण नाव घालून सही केली, आणि मग या मृत्युपत्रावर. घर घ्यायचं की नाही, हे तिने अजून सांगितलेलं नाही. मी विचारणारही नाही.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, रविवार

साक्षीदार:
१. भाचा (न वाचता सही केली)
२. शेजारच्या दंतवैद्य बाई (वाचून सही केली)

सही: दोन्ही कागदांवर एकाच हाताची