आधी घरचं दुपटं

शके १८६०. कार्तिक वद्य २, बुधवार. सकाळी.

आजपासून रोज लिहायचं. शिस्तीच्या माणसानं आपली शिस्त लिहून ठेवावी, म्हणजे निदान त्याला तरी ती आठवते.

नियम एकच. आधी घरचं, मग लोकांचं.

कारण असं. माघात आमच्या लेकीचं, चतुराचं बाळंतपण. पहिलटकरीण, म्हणून माहेरी, आपल्याकडं. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. आणि बारशाला पाळण्यात जे दुपटं घालायचं ते पणजीच्या लुगड्याचं, ही माझ्या बायकोच्या, झुंबरच्या माहेरची रीत. झुंबरची आई गेल्या साली वडीगोद्रीला वारली. भावांनी जमीन वाटून घेतली, हिनं आईचं लुगडं मागून घेतलं. हिरवं, तांबड्या काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. ते तिनं काल माझ्या हातात दिलं. म्हणाली, तुमच्या हातचं पाहिजे.

बरोबरच आहे. परतुरात शिंपी रग्गड, पण गोधडीचा टाका भुजंगाचाच, असं लोक म्हणतात. म्हणजे बद्रीनाथ शेठ एकदा म्हणाले होते. एक दुपटं म्हणजे माझ्या हातचा मळ. दोन दिवसांचं काम.

कार्तिक वद्य ३, गुरुवार.

सुरुवात नाही. चांगल्या कामाला चांगला दिवस लागतो. उद्याचा दिवस चांगला आहे.

कार्तिक वद्य ४, शुक्रवार.

दिवस खरंच चांगला होता. लुगडं पेटीतून काढलं, झटकलं, तेवढ्यात तहशील कचेरीतला शिपाई दारात. पेशकारसाहेबांना दौऱ्यासाठी गोधडी पाहिजे, जल्दी. वरची फुलाफुलांची छीट साहेबांची, आतलं तुमचं तुम्ही बघा. मजुरीचं शिपाई काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

लोक याला बेगार म्हणतात. लोकांना दूरचं दिसत नाही. कचेरीतल्या साऱ्या शिपायांचे डगले यंदा शिवायचे आहेत आणि ते कोणाला द्यायचे हे साहेबांच्या हातात आहे. मी याला संबंध म्हणतो.

झुंबर म्हणाली, लोकायचं आलं का घरचं ठिवता गुंडाळून. म्हटलं, नियम लिहून ठेवलाय. म्हणाली, मंग वाचा.

कार्तिक वद्य १२, शनिवार. दुपार.

साहेबांच्या गोधडीला आतले थर कमी पडतात. आत नवं कापड घातलं तर गोधडी पत्र्यासारखी वाजते. जुनंच लागतं, मऊच लागतं. शेजारच्या महेमूद पिंजाऱ्याला विचारून पाहिलं. त्याच्याकडं कापूस आहे, जुनेर नाही. माझी जुनी धोतरं होती, पण ती मी नेसतो.

झुंबर धुणं घेऊन गेलेली होती. लुगड्याच्या टोकाची एक पट्टी घेतली, काठासकट. उसनी. नऊवारी लुगडं आहे, दुपट्याला लागतं किती? पट्टी कडेच्या थरात घातली, वरून छीट ओढली. आतलं कोण बघतं.

मार्गशीर्ष शुद्ध ३, शुक्रवार.

गोधडी पोचवली. साहेबांनी हात फिरवला, म्हणाले, मुलायम है. आणखी काही म्हणणार होते, पण त्यांचं जेवण आलं. डगल्यांचंच म्हणणार होते. चेहऱ्यावर दिसत होतं.

उद्यापासून दुपटं. बिलकुल पक्कं.

मार्गशीर्ष शुद्ध ४, शनिवार.

बोट दुखतं.

मार्गशीर्ष शुद्ध १४, मंगळवार.

बद्रीनाथ शेठच्या मुलीचं लग्न. रुखवतात मांडायला गोधड्यांची जोडी पाहिजे. शेठ स्वतः अडतीची गादी सोडून माझ्या दुकानात आले. नाही म्हणायचं असं ठरवूनच बसलो होतो. तोंडातून निघता निघता त्याचं हो झालं. पण विचार केला तर हेच शहाणपणाचं. रुखवतातली गोधडी सारं गाव बघतं. दुपटं कोण बघतं? एक तान्हं मूल, तेही डोळे मिटून.

झुंबरनं विचारलं, दुपटं कवा? म्हटलं, डोक्यात शिवून तयार आहे, आता फक्त कापडावर उतरायचंय. म्हणाली, मंग लेकरू काय तुमच्या डोक्यात निजवायचं का.

मार्गशीर्ष वद्य ५, सोमवार.

आणखी पट्ट्या घेतल्या. शेठची गोधडी आहे, राठ करून कसं चालेल. लुगडं उलगडलं की हल्ली लहान दिसतं. थंडीनं कापड आखडतं, त्याला कोण काय करणार.

मार्गशीर्ष वद्य ११, रविवार.

लग्नाला गेलो होतो. माझ्या दोन्ही गोधड्या रुखवतात अगदी पुढं मांडलेल्या. पाहुण्या बाया हात फिरवून फिरवून बघत होत्या. मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. शेठाणीनं सांगितलं, आमच्या पोरीनंच शिवल्या, लई हौस तिला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, मास्तर, जेवून घ्या, मागची पंगत बसून राह्यली.

रुखवतात नवरीचाच हात सांगतात, ही रीतच आहे. मला वाईट वाटलं नाही. जिलेबी मात्र खाल्ली नाही.

आता लोकांचं काम बंद. दुपटं.

पौष शुद्ध २, शुक्रवार.

चतुरा आली. कुंभार पिंपळगावाहून बैलगाडीनं, हाडं खिळखिळी होऊन. पोट मोठं, तोंड एवढंसं झालेलं. पाणीसुद्धा न पिता तिनं आजीचं लुगडं मागितलं. म्हणाली, एकदा नाकाला लावू द्या, आजीचा वास असंल अजून. म्हटलं, ते कामात आहे.

यात खोटं काय आहे? कामातच आहे.

पौष शुद्ध १०, शनिवार.

झुंबर बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत आली. कचेरीपुढं साहेबांची बैलांची दमणी उभी होती म्हणे. गोधडी साहेबांच्या अंगावर नव्हती, दमणीत खाली अंथरलेली होती. तिच्यावर घासलेटचा डबा आणि साहेबांचे बूट. कोपरा उसवलेला, आणि आतून तांबडा काठ बाहेर आलेला. झुंबरनं ओळखला. तिची आई तो काठ डोक्यावरून घेऊन खुरपायला जायची.

माझी पेटी तिनं स्वतः उघडली. उरलेलं लुगडं अंगणात पसरलं. पसरायला फार जागा लागली नाही. मी म्हणालो, मऊ लागतं म्हणून घातलं, आतलं कोण बघतं. ती ओरडली असती तर माझ्याजवळ उत्तरं तयार होती. ओरडली नाही. चतुरा दारात उभी राहून ते कापड बघत होती, तिच्याकडं मला बघवेना.

लाज वाटली. मुख्यतः कोपऱ्याची. माझा टाका उसवत नाही. डब्याचा पत्रा लागला असणार.

पौष शुद्ध ११, रविवार.

ठरलं. उद्या कचेरीत जायचं आणि सरळ सांगायचं, साहेब, ही गोधडी मला परत द्या, मी तुम्हाला हिच्याहून चांगली शिवून देतो. भिण्याचं कारण काय? मी कलाकार माणूस. वाक्य पाठ केलंय. भिंतीपुढं म्हणून पाहिलं. भिंतीला पटलं.

पौष शुद्ध १२, सोमवार. सकाळी.

निघालो. कोट घातला आहे.

तोच दिवस. दुपार.

फत्ते. गोधडी घरी आणली.

तोच दिवस. दिवेलागण.

दुरुस्तीला आणली. माझं वाक्य निम्मं म्हणून झालं होतं. साहेब, ही गोधडी, इथपर्यंत. पुढचं साहेबांनीच म्हटलं, ही गोधडी उसवली, कसली शिलाई करता, संक्रांतीपर्यंत बराबर करून आणा. म्हटलं, जी. डगल्यांचा विषय काढायची ती वेळ नव्हती.

झुंबर म्हणाली, आली ना घरात, मंग उसवा. माझ्या मायचं काढून द्या, त्याच्यात तुमचं धोतर घाला. तुमीच म्हन्ता ना, आतलं कोण बघतं. मी शांतपणे समजावलं. ही आता साहेबांची चीज, म्हणजे सरकारीच. कोणी उसवताना बघितलं आणि जाऊन सांगितलं तर डगले हातचे जातील. एकदा डगले मिळू दे, तुला नवं लुगडं घेतो.

झुंबर म्हणाली, नवी माय पण घ्या.

बायकांना धंदा कळत नाही.

पौष शुद्ध १३, मंगळवार.

काठ आत ढकलला, वरून ठिगळ लावलं. छिटेची फुलं फुलांवर अशी बसली की ठिगळ कुठं आहे ते माझं मलाच सापडेना. आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम. दाखवायला दोघींना हाक मारली. कोणी आलं नाही.

संक्रांत, शनिवार.

गोधडी पोचवली. तीळगूळ दिला. साहेब गोड बोलले. म्हणजे मान हलवली.

झुंबर हल्ली दुपट्याचा विषय काढत नाही. तिला पटलेलं दिसतं. तसं पाहिलं तर उरल्या तुकड्यात लहानसं दुपटं आरामात होतं. बाळ तरी केवढं असतं.

पौष वद्य १३, बुधवार.

महेमूदची बायको अकबरबी आज बारीक नेढ्याची सुई मागायला आली. तिला कशाला सुई? कापूस पिंजण्यात जन्म गेला, टाका कधी सरळ पडला नाही. झुंबर आणि ती मागच्या दारी बराच वेळ बसल्या होत्या. मी विचारलं नाही. कामात होतो. शिपायांच्या डगल्याचा नमुना कागदावर काढत होतो. खिसा डाव्या बाजूला छान दिसतो.

माघ शुद्ध ५, बुधवार.

चतुरा सुटली. मुलगी. दोघी सुखरूप. झुंबरनं तिला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बाहेर आणलं, मला लांबूनच दाखवलं. कपाळ थेट सासूबाईंचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

बारशाला अजून अकरा दिवस आहेत. उद्या सुरुवात.

माघ शुद्ध १२, बुधवार.

साहेबांची बदली झाली. दमणी स्टेशनाकडं गेली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून सलाम केला, साहेब दुसरीकडं बघत होते. गोधडी ट्रंकांच्या खाली होती. ठिगळ कुठूनही ओळखू येत नव्हतं, एवढं समाधान.

शिपायाला डगल्यांचं विचारलं. तो हसला. डगले जालन्याच्या शिंप्याला गेलेत. आता नाही, मार्गशीर्षातच. मी गोधडी पोचवली त्याच आठवड्यात.

संबंध असेच असतात. लगेच फळ मिळत नाही.

माघ पौर्णिमा, शनिवार.

उद्या बारसं. आज दुकान बंद ठेवलं. हात धुतले, सुई ओवली, बोटाला टोपण घातलं, पेटी उघडली.

तुकडा नाही.

पेटी उलटी केली. कोनाडे, फडताळ, मशीनखालचा ढीग, सगळं पाहिलं. चोरी. दुसरं काय? आणि नेमकी आजच, जेव्हा मी खरोखर बसलो होतो. एका बैठकीत उरकलं असतं. झुंबर घुगऱ्यांना हरभरे भिजत घालत होती. विचारलं, लुगड्याचा तुकडा कुठं आहे. मान वर न करता म्हणाली, असंल कामात.

माघ वद्य १, रविवार.

बारसं झालं. नाव द्वारका ठेवलं. सासूबाईंचं.

पाळणा बांधून झाला तशा बाया माझ्याकडं बघायला लागल्या. शिंप्याचं घर, म्हणजे पाळण्यात काहीतरी बघण्यासारखं पडणार. मी खाली बघत होतो. तेवढ्यात अकबरबीनं पदराखालून दुपटं काढलं आणि झुंबरच्या हातात दिलं. हिरवं. तुकडा पुरला नाही म्हणून चारी बाजूंनी आपली जुनी ओढणी जोडली होती. म्हणाली, झुंबरबी, जित्ता कपडा था उत्ताच करी मैं. झुंबरनं तिचा हात धरला. तो बराच वेळ सोडला नाही.

दुपट्याचा कोपरा चतुरानं आधी नाकाला लावला. मग पाळण्यात पसरून वर द्वारकाला ठेवलं. ती निजली.

मी वाकून बघितलं. टाके वाकडे. एक लांब, एक आखूड, सरळ ओळ म्हणून कुठं नाही. धंद्याचा माणूस गप्प कसा बसणार. म्हणालो, द्या इकडं, सगळं उसवून बराबर करून देतो, दोन दिवसांचं काम.

चतुरानं पाळणा जरा आपल्याकडं ओढला.

झुंबर म्हणाली, ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं लोकायचं काम असतं.

तसं आज दुकानात काम काहीच नाही.