प्रभू पडला नव्हता

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ जानेवारी २०२५

ती. अव्वास,
पवित्राचे शरणार्थ.

आम्ही तिघं इकडं बरी आहोत. तुझा गुडघा कसा आहे हे विचारायला बऱ्याचदा फोन केला, पण तू उचलत नाहीस. वीरभद्रमामानं उचलला की "अव्वा पूजेला बसलीया" म्हणतो आणि ठेवून देतो. सकाळी पूजा, दुपारी पूजा, चहाच्या वेळी पण पूजा. म्हणून पत्र लिहायला घेतलं. चष्मा लाव आणि तूच वाच. मामाकडून वाचून घेऊ नकोस. सातवीपर्यंत शिकलेली बाई आहेस तू, माझी बाराखडी तूच गिरवून घेतलीस.

यंदा तुझा तीळगूळ आला नाही. मी वाट बघितली नाही असं म्हणणार होते, पण बघितली.

शांभवी आता पेठेतल्याच एका बालवाडीत मदतनीस म्हणून जाते. घरी येताना पोरांची गाणी गुणगुणत येते. तुझी सून गाते हे तुला माहीत होतं का? गडहिंग्लजला ती आपल्या घरात होती तेवढे दिवस मी तिचा मोठा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

आणि प्रभू उभा राहिला. गुरुवारी न्हाणीघराच्या दारात बादलीचा काठ धरून उठला, गुडघे लटपटत होते, पण बसला नाही. आमच्याकडं बघून हसला आणि बादलीतलं पाणी थापटत सुटला. शांभवी रडायला लागली तसा तो पण रडला, मग मी दोघांना दटावलं. मांडीचं हाड नीट जुळलंय. बसायला उशीर झाला, रांगायला उशीर झाला, पण आमच्या वॉर्डातल्या डॉक्टर मॅडम म्हणतात आता गाडी मार्गाला लागली. त्याच्या आजोबांचं नाव म्हणून तू त्याला प्रभुलिंग म्हणत नव्हतीस, 'धाकलं आप्पा' म्हणायचीस. आम्ही इकडं प्रभूच म्हणतो.

शेजारी आबा म्हणून आहेत. जुने गोलकीपर. अजून पेठेच्या मॅचला गेले की त्यांचा आवाज मैदानाच्या बाहेर ऐकू येतो. सुरुवातीला ते नुसतं "काय रं पैलवान" म्हणाले तरी प्रभू अंग चोरायचा. डोळे गच्च मिटायचा. मोठा पुरुषी आवाज आला की तसंच. आबांनी कारण विचारलं नाही. त्यांनी आपला आवाज कमी केला. एवढा मोठा गडी, पण आमच्या दारात आला की कुजबुजतो. आता प्रभू त्यांच्या खांद्यावर झोपतो.

हे सगळं मी तुला खूश करायला लिहीत नाही. मामा मागच्या आठवड्यात आला होता तो काय बोलून गेला ते तुला माहीत असणार. त्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाला, "पवित्रा, तीन तारखंला साक्ष हाय. 'माझा गैरसमज झालता' एवढं एकच वाक्य बोलायचं. तुझा भाऊ सोमेश सुटंल, सून नातू घरी येतील, झालं गेलं गंगेला. न्हाय बोललीस तर अव्वा मेली तरी गडहिंग्लजचा उंबरा चढायचा न्हाय."

मी विचारलं, "हे अव्वा बोलली का तू?"

तो म्हणाला, "दोघंबी."

मग माझं उत्तर पण दोघांनी ऐका. मी तसं बोलणार नाही.

तू नातेवाइकांत सांगतेस की डॉक्टरीणबाईनं उगाच पोलीस आणले, आणि शांभवी घाबरून काहीबाही बोलली. तेवढं दुरुस्त कर. मॅडमनी त्यांचं काम केलं. एक्स-रे बघितल्यावर पोलिसांत कळवणं त्यांना भागच होतं. मांडीचं हाड ताजं मोडलेलं आणि दंडाचं आधी कधीतरी मोडून जुळत आलेलं. "कसं झालं?" असं त्यांनी विचारलं, शांभवीनं तुझ्याकडं बघितलं, आणि तू म्हणालीस, "पाळण्यातनं पडला. कुशीवर वळला आन् पडला." तीन महिन्यांचं लेकरू, अव्वा. त्या वयाची लेकरं मान धरायला शिकत असतात. तू दोन पोरं वाढवलीस, तुला हे मी सांगायला नको होतं.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "सिस्टर, तुमच्याच घरचं लेकरू आहे. दुसऱ्या कुणाला तरी देते ही केस. तुम्ही बाहेर थांबलात तरी कुणी काही म्हणणार नाही."

मी बाहेर थांबले नाही. शांभवीला मीच आत नेलं, जिथं आया लेकरांना पाजतात त्या खोलीत. दार लावलं. तिला म्हटलं, "तू काहीही सांग, मी सोमेशची बहीण म्हणून ऐकणार नाही." पदराचं टोक पिळत ती म्हणाली, "रडायचा थांबंना म्हणून त्यांनी पायाला धरून उचललं." हवालदार आले तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. तिनं सांगितलं, आणि तिच्या जबाबाखाली माझाही जबाब लिहिला गेला. तेव्हा बोल लावायचा असेल तर मला लाव. ती घाबरलेली पोर होती, तिला बोलतं मी केलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. उद्या तसंच लेकरू परत आलं तर परत तेच करीन, मग ते कुणाचंही असो.

तुला वाटतं मी शहरात राहून दगड झाले. वॉर्डात एक दिवस माझ्याबरोबर बस. तान्ह्याला सुई टोचली तर ते रडतं, आईच्या छातीशी धरलं की विसरतं. दोन वर्षांचं पोर लाथा मारतं, कारण त्याला आपली आई डोळ्यासमोर पाहिजे, बाकी काही नको. तेरा-चौदाचं झालं की आधी म्हणतं, सिस्टर, पडदा ओढा. त्यांना दुखण्यापेक्षा लाज मोठी असते. पण अव्वा, चार-पाच वर्षांची पोरं वेगळीच. ती सुई बघून विचारतात, "मी काय केलं?" त्यांना वाटतं दुखतंय म्हणजे शिक्षाच आहे. दूध सांडलं म्हणून ताप आला, बहिणीला मारलं म्हणून हात मोडला. त्या वयाच्या पोरांना रोज सांगावं लागतं, बाळा, तुझं काही चुकलं नाही. काल एकीला सांगत होते, आणि सांगता सांगता ट्रे ठेवून मीच बाहेर निघून गेले.

त्याचं कारण सांगते. खरं तर तेच सांगायला हे पत्र घेतलंय, आणि मघापासून बादल्या आणि तीळगूळ करत बसलेय.

सोमेश आला होता. घरी नाही, दवाखान्यात. कोर्टानं जामीन देताना त्याला साक्षीदारांना भेटू नको असं सांगितलंय, तरी दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसला होता. मी सिक्युरिटीच्या दादांना जवळच उभं केलं आणि मग त्याच्यासमोर गेले. दाढी वाढलीय, शर्ट चुरगळलेला. तुझ्या हातचं जेवतोय तरी वाळलाय.

"चालतोय का?" त्यानं विचारलं.

"उभा राहतोय."

तो तोंड झाकून रडला. मी पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही.

मग म्हणाला, "पवे, त्यो रडायचा थांबंना. मी आधी गप कर म्हटलं, मग वरडलो. माझ्याच तोंडातनं आप्पांचा आवाज आला बघ. हुबेहूब. आन् हात बी त्यांचाच झाला." एवढं बोलून तो आपलं डावं कोपर चोळत बसला. ते अजून सरळ होत नाही. "मी चिंचंवरनं पडलो न्हवतो."

मी म्हटलं, "मला ठाऊक हाय."

"तुला ठाऊक हाय?"

"मी सोप्याच्या दारात उभी होते."

अव्वा, आपल्या परड्यात चिंच कधी नव्हतीच. शेवगा होता. तू डॉक्टरांना चिंच सांगितलीस आणि त्या दिवसापासून आपल्या घरात चिंचेचं झाड उगवलं. पाहुणे आले की तू सांगायचीस, आप्पा सांगायचे, पुढं सोमेश पण हसत सांगायला लागला, मी पण सांगितलं. काय झालं होतं? पूजेचं दूध सांडलं होतं. आप्पांनी त्याला त्या हाताला धरून ओढलं आणि भिरकावलं. पाच वर्षांचा होता. एस.टी.त तुझ्या मांडीवर बसून कोल्हापूरपर्यंत एकच घोकत होता, "परत न्हाय सांडणार, अव्वा, परत न्हाय सांडणार." तू त्याचे डोळे पुसत होतीस. पण त्याला कुणीच सांगितलं नाही की बाळा, तुझं काही चुकलं नाही.

त्या दिवशी दवाखान्यात एखाद्या सिस्टरनं दार लावून तुला विचारलं असतं तर? मी हे फार वेळा मनात आणते. आप्पांचा तुझ्यावरचा हातही मी बघितलाय. ते तू कधी सांगितलंस तर ऐकीन, नाही सांगितलंस तर उकरणार नाही. तुझ्यावर मी चिडलेय, पण ते चिडणं तेव्हाच्या तुझ्यावर, तेव्हाच्या रत्नव्वावर नाही. तेव्हाच्या रत्नव्वाला जायला जागा नव्हती. आत्ताच्या रत्नव्वाला आहे. माझ्या दोन खोल्या आहेत, आणि सून बोलावतेय.

सोमेश म्हणाला, "मी कोर्टात कबूल करणार हाय. मामा म्हणतो गप बस, वकील म्हणतो गप बस. अव्वा म्हणती, आप्पांच्या फोटोसमोर शपथ घे की त्यो पडला."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. सोमेशला सुटायचंच नाहीये. त्याला एकदा कुणीतरी खरं विचारायला पाहिजे आहे. तू सोमेशला वाचवत नाहीस, अव्वा. तू आप्पांना वाचवतेस. आपल्या दुकानात हार घातलेला फोटो, गावात देवमाणूस, आणि त्या देवमाणसाच्या घरात पोरं झाडावरनं आणि पाळण्यातनं पडत राहतात. प्रभू पडला म्हटलं की सोमेश पण पडलाच होता, आणि सगळं जागच्या जागी राहतं.

मी ते जागच्या जागी राहू देणार नाही. सोमेशनं कबूल केलं तर बरंच, मामानं त्याला परत गप बसवलं तरी मी बोलणार. त्याला शिक्षा झाली तर मी त्याला भेटायला कळंब्याच्या तुरुंगात जाईन, डबा चालत असला तर डबा घेऊन जाईन. रागावर इलाज करणारे डॉक्टर असतात, तिथं त्यानं जावं असं त्याला त्याच दिवशी सांगितलंय, आणि तो हो म्हणालाय. पण प्रभूला भेटू दिलं नाही. "लांबनं बघतो," म्हणाला. मी म्हटलं, "अजून न्हाय." किती दिवस न्हाय ते मला माहीत नाही. ते शांभवी ठरवील. मी नाही, तू नाही, मामा तर नाहीच नाही.

तू ये. खरंच ये. गडहिंग्लजहून बसमध्ये बस, रंकाळा स्टँडवर मी घ्यायला येते. मामाला आणू नकोस. नातवाला मांडीवर घे, तो आता माणसं ओळखतो, आधी रडेल, मग येईल. फक्त माझ्या घरात पाळणा आणि चिंच ही गोष्ट निघणार नाही. शांभवीसमोर नाही, त्या लेकरासमोर तर अजिबात नाही. तो मोठा होऊन मांडीच्या त्या एक्स-रेचं विचारील तेव्हा त्याला खरं सांगायचं हे आम्ही दोघींनी ठरवलंय. त्याच्या वयाला कळेल एवढं, पण खरं.

नाही आलीस तरी माझा राग धरून जेवण सोडू नकोस. गुडघ्याला तेल लाव.

तीन तारखेला मी कोर्टात उभी राहीन. वकील आधी विचारतील, हा तुमचा कोण? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगीन की सख्खा भाऊ, माझ्या कडेवर वाढलेला. आणि त्याच आवाजात पुढचं सांगीन.

उंबरा तुझा आहे, तू अडवू शकतेस. लेक मात्र तुझीच राहणार आहे,

पवित्रा